संयोगदांड्याची जोडणी, जुन्या मोटार-एंजिनांतील

संयोगदांडा म्हणजे एंजिनातील दट्ट्याची सरळ रेषेतील येजा भुजादंडाच्या चक्राकार गतीत बदलणारा, दोन्ही टोकांशी सांधलेला दांडा. कारखान्यांत व दुरुस्तीच्या कार्यशाळांत त्याला ‘कनेक्टिंग रॉड’ असेच म्हणतात. त्याचे लहान टोक दट्ट्यात आडव्या बसविलेल्या खिळीवर झुलते, तर मोठे टोक भुजादंडाच्या भुजाखिळीला वेढून तिच्याभोवती फिरते. भुजादंड बहुधा अखंड असल्यामुळे मोठे टोक त्यावर ओवता येत नाही. म्हणून ते मध्यातून दुभागलेले असते. खालचा अर्धा भाग सुटा असतो व तो दोन बोल्टांनी वरच्या भागाशी आवळतात. या सुट्या भागाला टोपी म्हणतात. टोपी आणि दांडा यांच्या मधल्या गोल पोकळीत धारवा असतो. संयोगदांड्याच्या जोडणीचा सारा प्रश्न या पोकळीशी निगडित आहे : ती किती गोल आहे, भुजाखिळीपेक्षा किती मोठी आहे, आणि एंजिन धावू लागल्यावर तशीच राहते की नाही.

मोटारगाडीच्या इतिहासात ही पोकळी अचूक करण्याची जबाबदारी प्रथम कारागिराच्या हाताकडे होती आणि नंतर ती कारखान्यातील यंत्राकडे गेली. हे स्थित्यंतर मुख्यतः १९२५ ते १९५५ या तीस वर्षांत घडले. ‘व्हिंटेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारी या स्थित्यंतराच्या अलीकडच्या कडेवर उभ्या आहेत. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली. तिच्या व्याख्येनुसार १९३० अखेरपर्यंत तयार झालेली गाडी या वर्गात मोडते व ही मर्यादा पुढे बहुतेक सर्वत्र रूढ झाली. अशा गाडीचे एंजिन पुन्हा बांधताना आजचा यंत्रज्ञ सुटे भाग बदलून भागवू शकत नाही. धारवा त्याला स्वतः ओतावा, कातावा व खरवडावा लागतो. ज्या हातांना ही कामे सवयीची होती त्यांची पिढी आता राहिलेली नाही, आणि तत्कालीन पुस्तिका ती सवय गृहीत धरूनच लिहिलेल्या आहेत.

पूर्वेतिहास : संयोगदांडा मोटारीहून पुष्कळ प्राचीन आहे. आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) हिएरापोलिस येथील एका शवपेटीवर इ. स. तिसऱ्या शतकातील शिल्प आहे. त्यात पाणचक्कीच्या गतीने दगड कापणाऱ्या करवतींची जोडी दाखविली असून भुजा व संयोगदांडा यांचे हे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्रण समजले जाते. तेथे चाकाची फिरती गती करवतीच्या येजा गतीत बदलली जाई. उलट दिशेचे रूपांतर, म्हणजे येजा गतीपासून चाक फिरविणे, हे वाफेच्या एंजिनासाठी अठराव्या शतकात महत्त्वाचे ठरले. जेम्स पिकार्ड यांनी १७८० मध्ये वाफेच्या एंजिनात भुजा वापरण्याचे एकस्व मिळविल्यामुळे जेम्स वॉट यांना १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दंतचक्रांची पर्यायी योजना करावी लागली, ही गोष्ट सुपरिचित आहे.

वाफेच्या एंजिनांतील संयोगदांड्याचे टोक पोलादी पट्ट्याने वेढलेले असे. त्यात पितळी धारव्याचे दोन अर्ध बसवीत व मागे पाचर ठोकीत. धारवा झिजला की पाचर थोडी आत ठोकली म्हणजे ढिलाई नाहीशी होई. एंजिनचालक हे काम नेहमीच्या देखभालीत स्वतः करीत असे. दांडा त्याच्या डोळ्यांसमोर उघड्यावर फिरत असे व गतीही संथ असे. मोटारीच्या एंजिनाने या दोन्ही सोयी हिरावून घेतल्या. दांडा बंद पेटीत गेला आणि वेग वाढला. कार्ल बेंझ यांच्या १८८६ मधील तिचाकी गाडीचे एंजिन मिनिटाला सु. ४०० फेरे करी. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीचे एंजिन १,६०० फेऱ्यांना २० अश्वशक्ती देई, तर १९२७ मध्ये आलेल्या ‘मॉडेल ए’ गाडीचे २,२०० फेऱ्यांना ४०. दट्ट्याच्या निरूढीमुळे दांड्यावर येणारा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे धाव तीच राहून वेग चौपट झाला तर हा भार सोळापट होतो. पाचरेचा उपाय येथे टिकणे शक्य नव्हते. तिची जागा टोपी व बोल्ट यांनी घेतली.

बोल्टांवरील भार : दट्ट्याला खाली रेटणारा वायूचा दाब दांड्यातून भुजाखिळीवर जातो. मॉडेल ए गाडीच्या साध्या एंजिनातही तो ऐन ज्वलनाच्या वेळी एक टनाहून अधिक भरतो. तथापि हा दाब धारव्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो, टोपीला त्याची झळ लागत नाही. टोपीवर खरा प्रसंग येतो तो उत्सर्जनाच्या धावेच्या शेवटी. त्या वेळी दट्ट्या वर जाऊन थबकतो व परत फिरतो. सिलिंडरात त्याला अडविणारा दाब नसतो आणि त्याला माघारी खेचण्याचे काम एकट्या टोपीला व तिच्या दोन बोल्टांना करावे लागते. मॉडेल ए गाडीत दट्ट्याची धाव १०८ मिमी. आहे. २,२०० फेऱ्यांना माथ्यावरील दट्ट्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणी प्रवेगाच्या तीनशे पटींहून अधिक होतो. म्हणजे दट्ट्या, त्याची खीळ व दांड्याचा वरचा भाग यांचे मिळून जे वजन असेल त्याच्या तीनशे पटींनी बोल्ट ओढले जातात, आणि असे मिनिटाला २,२०० वेळा. त्यांपैकी निम्म्या वेळा ज्वलनाचा विरोधी दाब या ओढीला छेद देतो, उरलेल्या निम्म्या वेळा ती पुरी येते.

बोल्ट पुरेसा आवळलेला असेल, तर त्यात आधीच असलेला ताण या ओढीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे टोपी व दांडा यांचे सांधे उघडत नाहीत व बोल्टातील ताणात प्रत्येक फेऱ्याला होणारा चढउतार अगदी थोडा राहतो. बोल्ट ढिला असेल, तर सांधा दर फेऱ्याला उघडतो व मिटतो, सगळा चढउतार बोल्टाला सोसावा लागतो आणि धातूला शिणवटा येऊन तो तुटतो. तुटलेला दांडा बहुधा एंजिनाच्या पेटीची भिंत फोडून बाहेर येतो. म्हणून बोल्ट तुटला की तो ‘फार आवळला होता’ असे जे सर्रास मानले जाते, ते बऱ्याचदा चुकीचे असते. जुन्या पुस्तिकांत आवळण्याच्या बलाचे आकडे सहसा आढळत नाहीत. पाना केवढा घ्यावयाचा व किती जोर लावावयाचा हे यंत्रज्ञाच्या मनगटाला ठाऊक असे. पीळ मोजणारा पाना कार्यशाळांत सर्वत्र रुळला तो नंतरच्या काळात.

या बोल्टांचे नट खाचांचे असून खाचेतून स्प्लिट पिन घालतात. नट पुरेसा आवळल्यावर खाच व बोल्टातील भोक समोरासमोर आले नाही, तर नट आणखी थोडा पुढे न्यावयाचा किंवा काढून त्याची बूड थोडी घासावयाची, हा नियम आहे. खाच जुळविण्यासाठी नट मागे फिरविणे ही घाईत होणारी व सर्वांत महाग पडणारी चूक होय.

पांढरा धातू : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये धारव्यांबाबत एकस्व घेतले. कथिल हा मुख्य घटक आणि त्यात थोडे अँटिमनी व तांबे असलेला मिश्रधातू त्यांच्या नावाने ओळखला जातो. चांगल्या प्रतीच्या बॅबिट धातूत कथिलाचे प्रमाण सु. ८५ ते ९० टक्के असते. ब्रिटिश परिभाषेत व तिच्याद्वारे भारतातील कार्यशाळांतही त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणजे पांढरा धातू म्हणतात. त्याचे गुण त्याच्या घडणीत आहेत. कथिलाच्या मऊ पायात अँटिमनी व तांबे यांच्या संयुगांचे कठीण स्फटिक विखुरलेले असतात. कठीण स्फटिक भार पेलतात, मऊ पाया खिळीच्या आकाराशी जुळवून घेतो, आणि तेलातून आलेला बारीक खडा पायात रुतून बसल्याने खिळीवर ओरखडा उठत नाही. तेल क्षणभर खंडित झालेच तर हा धातू आधी वितळतो. अशा रीतीने स्वस्त धारवा जातो, पण महाग भुजादंड वाचतो.

त्याचा मुख्य दोष असा की, तापल्यावर त्याचे बळ झपाट्याने घटते व थर जाड असेल तर वारंवार येणाऱ्या भाराने त्याला तडे जातात. हाच धातू पोलादाच्या पाठीवर अतिशय पातळ थरात पसरला तर पुष्कळ अधिक भार सोसतो, हे ज्ञान विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात व्यवहारात आलेले नव्हते. त्या काळच्या संयोगदांड्यांत वितळलेला धातू थेट मोठ्या टोकात ओतून नंतर कातीत असत.

मॉडेल टी गाडीतील पद्धत : १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेल्या या गाडीने संयोगदांड्याची जोडणी गावोगावच्या लोहाराच्या व शेतकऱ्याच्या हाती दिली. तिच्यात तेलपंप नव्हता. मागील बाजूस फिरणारे प्रचक्र तेल उडवी. ते एका नळीने पुढे जाई व तळाच्या खोलगट जागांत साठे, आणि दांड्यांची मोठी टोके दर फेऱ्याला त्यांत बुडून जात. लांब चढावर तेल मागे ओसरत असल्यामुळे पहिल्या, म्हणजे सर्वांत पुढच्या, दांड्याचा धारवा कोरडा पडण्याचा धोका असे. डोंगराळ मुलुखात या गाडीचा पहिला धारवा वारंवार जाई त्याचे कारण हे होते.

१९११ पासून तळाच्या पात्राला काढता येणारे झाकण आले, त्यामुळे एंजिन न उतरविता खालून टोप्यांपर्यंत हात पोचू लागला. धारवा झिजून ठोका येऊ लागला की काय करावे, हे कंपनीने मालकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत सांगितले होते. तेल काढून झाकण सोडावे. पहिल्या दांड्याची टोपी काढून तिच्या दोन्ही कडा कानशीने किंचित, अगदी किंचित घासाव्यात. टोपी व दांडा यांवर ठोशाने केलेल्या खुणा एकाच बाजूस येतील अशा रीतीने ती परत बसवावी व बोल्ट आवळावेत. मग हातांड्याने एंजिन फिरवून धारवा कितपत धरतो ते पाहावे. जाणते यंत्रज्ञ टोपीच्या दोन्ही बाजूंवर हातोडीने हलके ठोकून ती नीट बसली की नाही याची खात्री करून घेत. हा धारवा जमला की तो पुन्हा ढिला करून पुढच्याकडे वळावयाचे आणि चारही जमल्यावर सगळे एकदम आवळावयाचे. मधेच ढिले करण्यामागे उत्तम युक्ती आहे : पहिला धारवा आवळलेलाच ठेवला, तर दुसऱ्याची पकड हाताला वेगळी जाणवत नाही.

येथे ठोशाच्या खुणांचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. दांडा व टोपी एकत्र आवळून त्यांतील भोक कातलेले असते. म्हणून एका दांड्याची टोपी दुसऱ्याला किंवा त्याच दांड्याला उलटी बसविली, तर दोन अर्धवर्तुळे एकमेकांशी जुळत नाहीत. पायरी केसाएवढीही नसेल, पण तेलाचा थर त्याहून पातळ असतो. हेच दांड्याच्या दिशेलाही लागू आहे. अनेक एंजिनांत मोठे टोक दांड्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूस सरकविलेले असते. असा दांडा उलटा बसला तर तो भुजादंडाच्या भिंतीला घासतो.

ज्या वर्षी मॉडेल टी बाजारात आली त्याच १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक प्रयोग झाला. तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग दिले आणि साध्या हत्यारांनी तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या केल्या. त्या सुरू होऊन ठरलेले पाचशे मैल धावल्या व कंपनीला ड्यूअर चषक मिळाला. सुटे भाग परस्परांत बदलता येतील इतके अचूक करता येतात हे जगापुढे यामुळे सिद्ध झाले. तरीसुद्धा दांडा व त्याची टोपी या जोडीला हे तत्त्व लागू झाले नाही व आजही होत नाही. १९९० नंतरच्या दशकात तर अखंड घडविलेले मोठे टोक मुद्दाम तडकावून टोपी वेगळी करण्याची पद्धत प्रचारात आली. त्या भेगेचा खडबडीतपणा जगात फक्त एकाच टोपीशी जुळतो.

मॉडेल ए व पातळ पत्र्या : मॉडेल ए गाडीत टोपी व दांडा यांच्यामध्ये पातळ पत्र्यांची चळत घातलेली असे. धारवा झिजला की दोन्ही बाजूंची एकेक पत्री काढावयाची, कानशीची गरज नाही. ही मोठी सुधारणा होती, कारण कानशीने एकदा घासलेला धातू परत येत नाही, पत्री मात्र परत घालता येते. भुजाखिळीचा व्यास ३८.१ मिमी. असून धारव्यातील मोकळीक सु. ०.०२५ ते ०.०४ मिमी. ठेवावयाची असे. इंचभर व्यासाला एक सहस्रांश इंच हा कार्यशाळांतील जुना ठोकताळा यातूनच दिसतो. एवढी मोकळीक मोजण्याचे साधन खेड्यातील कार्यशाळेत नसे. त्याऐवजी दट्ट्या न लावलेला दांडा खिळीवर आवळून आडवा धरीत व सोडून देत. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला तर मोकळीक बरोबर, धाडकन पडला तर जास्त, आणि अधांतरी राहिला तर कमी, असे ठरवीत. आज फटीत प्लॅस्टिकचा बारीक धागा ठेवून टोपी आवळतात व चपट्या झालेल्या धाग्याच्या रुंदीवरून मोकळीक वाचतात. ही पद्धत खात्रीची आहे, मात्र ती एका ठिकाणची मोकळीक सांगते. दांड्याच्या पडण्याने धारव्याचा सगळा परिघ एकदम बोलतो. म्हणून अनुभवी यंत्रज्ञ दोन्ही परीक्षा घेतात.

मॉडेल ए गाडीत तेलपंप होता, पण त्याचे तेल दाबाखाली संयोगदांड्यांपर्यंत जात नसे. टोपीच्या तळाशी एक लहान पळी असे. ती तळाच्या तबकातील तेल उचलून टोपीच्या भोकातून धारव्यात ढकली. या पळीचे तोंड कॅमदंडाच्या बाजूस असावे लागते, कारण भुजा तळाशी असताना दांड्याचे टोक त्याच बाजूस सरकत असते. टोपी उलटी बसली तर पळीची पाठ तेलावर आपटते आणि धारव्यात तेल जात नाही. असे एंजिन सुरू होते, काही मैल उत्तम धावते व मग एकाएकी ठोके देऊ लागते. बसविणाऱ्याला आपली चूक कळते तेव्हा ओतलेला धातू तबकात पडलेला असतो.

या पद्धतीचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आला. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात शाखा काढली व मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे आयात भागांपासून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडी येथील जोडणी-कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. त्यातून आलेल्या शेव्हरोले गाड्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांत ओतीव धारवे व टोपीवरील पळ्या पुष्कळ काळ टिकून राहिल्या. अमेरिकेतही त्या कंपनीने हे धारवे पूर्णपणे सोडले ते १९५४ मध्ये. या दोन्ही जोडणी-कारखान्यांचे काम १९५० नंतरच्या दशकात बंद पडले. आयातीवर निर्बंध आले आणि रस्त्यावरील जुन्या गाड्यांचे आयुष्य वाढवीत राहणे भाग पडले. पांढरा धातू ओतण्याचे काम येथे छंद म्हणून नव्हे, तर गरज म्हणून पुढे चालू राहिले.

इतर रचना : सर्व जुनी एंजिने एकाच साच्याची नव्हती. कॅडिलॅक कंपनीच्या १९१४ मधील आठ सिलिंडरी एंजिनात समोरासमोरचे दोन दांडे एकाच खिळीवर बसत. त्यांपैकी एकाचे मोठे टोक दुबेळक्याचे असून दुसऱ्याचे त्याच्या मधोमध शिरे. बुगाट्टी यांच्या १९२४ मधील ‘टाइप ३५’ शर्यती गाडीत संयोगदांड्याला टोपीच नव्हती. मोठे टोक अखंड, आत लाटणीचा धारवा आणि भुजादंड तुकड्यातुकड्यांनी जोडलेला. तेथे दांडा काढावयाचा म्हणजे भुजादंडच सोडावा लागतो, आणि पुन्हा जोडताना त्याचे सगळे तुकडे एका रेषेत आणणे हे मूठभर कारागिरांचेच काम होते. ब्रिटनमधील लहान ‘ऑस्टिन सेव्हन’ (१९२२–३९) गाडीत तेलाची पिचकारी फिरत्या भुजादंडातील छिद्रांच्या रोखाने उडविली जाई. त्यातले पुरेसे तेल आत जावे, अशी आशा करावयाची.

खरे परिवर्तन घडविले ते पोलादी पाठीच्या पातळ कवचांनी. पोलादाच्या पट्टीवर धारव्याच्या धातूचा पातळ थर चढवून ती अर्धवर्तुळाकार वाकविण्याची कृती १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत क्लीव्हलंड येथे विकसित झाली व पुढील दशकात व्हँडरव्हेल यांच्या कारखान्यामार्फत ब्रिटनमध्ये आली. फोर्ड कंपनीने १९३२ च्या आठ सिलिंडरी एंजिनात कवचे वापरली, पण ती दांड्यात घट्ट न बसविता दोन दांड्यांमध्ये मिळून एकच तरते कवच ठेवले. त्याला आत व बाहेर दोन्हीकडे धारव्याचा धातू होता. रूढ झाली ती मात्र घट्ट बसणारी कवचे. अशा कवचाची कड दांड्याच्या कडेपेक्षा किंचित वर असते. टोपी आवळली की कवच दाबले जाऊन पोकळीला सर्वत्र चिकटते, फिरत नाही व उष्णता बाहेर देते. येथे कानस किंवा पत्री चालविणे म्हणजे धारवा बिघडविणेच होय. मॉडेल टी गाडीच्या पुस्तिकेत जी कृती अधिकृत होती, तीच पंचवीस वर्षांत निषिद्ध झाली. जुन्या सवयीच्या यंत्रज्ञांनी नवी कवचे टोपी घासून ‘घट्ट’ केल्याने कित्येक भुजादंड वाया गेले.

पुनर्बांधणी : आज जुने एंजिन उघडणाऱ्यास उलट दिशेने हीच चूक घडण्याचा संभव असतो, कारण त्याची सवय कवचांची असते. प्रथम दांडे, टोप्या व त्यांच्या दिशा यांवर खुणा आहेत की नाहीत हे काढण्यापूर्वीच पाहावे लागते. शंभर वर्षांत कोणी तरी त्या चुकविलेल्या असण्याची शक्यता धरूनच चालणे बरे. जुन्या घडीव दांड्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. चुंबकीय कणांच्या साहाय्याने ते शोधता येतात. बोल्ट मात्र तपासत बसू नये, ते नवेच घ्यावेत. त्यानंतर दांड्याच्या दोन्ही टोकांतील भोकांचे अक्ष समांतर आहेत का ते पाहतात. दांडा वाकलेला वा पिळलेला असेल, तर दट्ट्या सिलिंडरात तिरपा चालतो, त्याच्या एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस खाली घासल्याची चमक दिसते, आणि कितीही चांगला धारवा काठांवरच भार घेऊन लवकर फुटतो.

धातू ओतताना टोक स्वच्छ करून अभिवाह लावतात, आतून कथिलाची कल्हई करतात, तापवितात व मध्ये गाभ्याचा दांडा उभा करून एका दमात रस ओततात. कल्हई नीट धरली नसेल तर धातू पोलादाला चिकटत नाही. अशा धारव्यावर टकटक केले असता नाद बद्द येतो. थंड झाल्यावर भोक कातताना लहान टोकाच्या अक्षाचा संदर्भ घेतात. दांड्याची लांबी व समांतरता या दोन्ही गोष्टी या एकाच कृतीत ठरतात. शेवटी भुजाखिळीला निळ्या रंगाचा पुसट हात देऊन दांडा फिरवितात व रंग लागलेले उंचवटे खरवडणीने काढतात. भुजाखीळ स्वतः लंबगोल झिजली असेल, तर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. तिची गोलाई सर्वांत आधी सूक्ष्ममापकाने तपासलेली असावी लागते.

ओतीव धारव्याऐवजी दांडे कातून त्यांत आधुनिक कवचे बसविण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे व तीवर जाणकारांत तीव्र मतभेद आहेत. कवचाचा पक्ष दुबळा नाही. धातू ओतणारा चांगला कारागीर मिळणे दुर्घट झाले आहे आणि वाईट ओतलेल्या धारव्यापेक्षा कवच केव्हाही बरे. मॉडेल ए गाडीच्या मूळच्या ४.२२ : १ संपीडन गुणोत्तराऐवजी ५.५ किंवा ६ : १ गुणोत्तराचे झाकण लावून ती हमरस्त्यावर पिटाळावयाची असेल, तर जाड पांढऱ्या धातूला तो भार झेपणारा नाही. मात्र कवचे घातल्यावर केवळ पळीने उडविलेल्या तेलावर विसंबणे युक्त नाही. त्यांची मोकळीक लहान असते व त्यांना दाबाखालील तेल मानवते, म्हणून भुजादंडाला छिद्रे पाडून तेलाचा मार्ग करावा लागतो. एक बदल असे दुसरा मागतो व दुसरा तिसरा. मूळच्या वेगाने, मूळच्या गुणोत्तराने व स्वच्छ तेलावर चालविलेल्या गाडीत नीट ओतलेला धारवा सहज हजारो मैल टिकतो, आणि झिजल्यावर रस्त्याच्या कडेला दोन पत्र्या काढून पुढे जाता येते. दुर्मिळ गाडीच्या बाबतीत आणखी एक व्यवहारी फरक आहे : ओतलेला धातू वितळवून दांडा पूर्ववत करता येतो, कवचासाठी कातलेला दांडा पुन्हा मूळ मापाचा होत नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर एंजिन लगेच वेगाने फिरवीत नाहीत. धारव्यांना आधीच तेल लावलेले असते व तबके भरलेली असतात. प्रथम ते हाताने फिरवून कोठे अडते का ते पाहतात, आणि मग काही काळ कमी वेगाने चालवितात. पहिल्या काही शे मैलांनंतर तेल बदलून तळाचे पात्र उघडतात, तबकात पांढऱ्या धातूचे कण पडले आहेत का ते पाहतात, प्रत्येक टोपी हाताने हलवून पाहतात व लागेल तेथे एकेक पत्री काढून नव्या स्प्लिट पिना घालतात.